पैठणी गेली, जुनेर परत आलं

नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंचं पत्र आलं आहे. लॉकडाउनमध्ये त्यांनी घरातूनच साड्या विकायला सुरुवात केली. आता एका मोठ्या ऑनलाइन बाजारावर त्यांचं दुकान आहे आणि महिन्याला साधारण ६५ पार्सलं जातात. लग्नसराईत येवल्याच्या विणकराकडून घेतलेली हातमागाची, मुनिया काठाची पैठणी त्यांनी पुण्याच्या एका ग्राहक बाईंना ९,८०० रुपयांना पाठवली. सहाव्या दिवशी ‘रंग फोटोसारखा नाही’ म्हणून ती परत निघाली. परत आलेलं पाकीट उघडलं, तर आत फॉल लावलेली, नेसून नेसून विटलेली सिंथेटिक साडी. भरपाईचा क्लेम ‘पुरावा अपुरा’ म्हणून फेटाळला गेला. विणकराचे ७,४०० रुपये अजून द्यायचे आहेत. लेबलवर त्या बाईंचं नाव आणि पत्ता आहे. तो बायकांच्या फेसबुक ग्रुपवर टाकावा असं ताईंना वाटतं, आणि भाचा तर थेट घरी जाऊन जाब विचारायला तयार आहे. यजमान म्हणतात, हा धंदाच बंद कर. ताई विचारतात: ‘मी काय करू? आणि इतकी वर्षं विश्वासाने माल पाठवला, तो माझा मूर्खपणा होता का?’

ताई,

पत्राच्या अगदी शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय, ‘त्यानंतर आलेली चार रिटर्नची पाकिटं खाटेखाली तशीच पडलीत, उघडायची हिंमत होत नाही.’ आधी त्या चार पाकिटांचंच बोलू, कारण पैठणीचं जे व्हायचं ते होऊन गेलंय आणि त्या चारांचं अजून तुमच्या हातात आहे. क्लेमची मुदत पाकीट तुमच्याकडे पोचल्याच्या दिवसापासून धावू लागते आणि ती मोजक्याच दिवसांची असते. प्रत्येक कंपनीची वेगळी, तेव्हा तुमच्या पॅनेलवर (कंपनीच्या साइटवरच्या तुमच्या विक्रेता खात्यात) नेमकी किती आहे ते आज पाहा. ज्या पाकिटाची मुदत आधी संपते, ते आधी उघडा.

मात्र एकटीने उघडू नका. मुलीला मोबाईल धरायला बसवा. कॅमेरा सुरू झाला की तो एकदाही थांबवायचा नाही. पहिल्यांदा लेबल, इतकं जवळून की एडब्ल्यूबी नंबर, म्हणजे कुरिअरचा पार्सल क्रमांक, वाचता येईल. मग पाकीट सहाही बाजूंनी फिरवून दाखवा. चिकटपट्टी कुठे दुहेरी लावली आहे का, कडेला ब्लेडची रेघ आहे का, पिशवीचा मूळ चिकट पट्टा उचकटून पुन्हा दाबला आहे का, ते दिसू द्या. मग ते बंद पाकीट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा आणि आकडा दिसू द्या. त्यानंतर कात्री. साडी बाहेर काढली की पूर्ण घडी मोडा, पदर, काठ, उलटी बाजू दाखवा, आणि शेवटी रिकामं पाकीट कॅमेऱ्यासमोर उलटं करा. हे सगळं चार-पाच मिनिटांचं काम आहे. पाकीट बंद असतानाच पुरावा तयार होतो. एकदा कात्री लागली की नंतर काढलेल्या फोटोंना फारसा अर्थ उरत नाही.

तुमच्या क्लेमचं नेमकं हेच झालं. ‘कंपनीने मला खोटं ठरवलं,’ असं तुम्ही लिहिता. तुम्ही पाठवलेले फोटो मी नीट पाहिले. एका फोटोत फाडलेलं पाकीट आहे, दुसऱ्यात ती विटकी साडी, तिसऱ्यात लेबल. तुम्ही खरं बोलताय याबद्दल माझ्या मनात शंका नाही, पण ती साडी त्याच पाकिटातून निघाली हे त्या तीन फोटोंत कुठेच दिसत नाही. पलीकडे क्लेम तपासणाऱ्याला तुम्ही कोण, तुमचा स्वभाव काय, काही ठाऊक नसतं. शिवाय या व्यवहारात लबाडी एकाच बाजूने होते असंही नाही. बेंगळुरूच्या पोलिसांनी सुरतच्या काही जणांना पकडल्याची बातमी आली होती. विक्रेता म्हणून नोंदणी करायची, आपणच खोट्या ऑर्डरी टाकायच्या, चुकीचा माल परत आल्याचे बनावट व्हिडिओ जोडायचे आणि भरपाई उचलायची, असा त्यांचा उद्योग होता, आणि रक्कम कोटींच्या घरात होती. अशा लोकांमुळे तुमच्यासारख्या सरळ बाईच्या तीन फोटोंवर कुणी विश्वास ठेवत नाही. हा अन्याय आहे. पण तो समजून घेतला, तर पुढच्या वेळी काय हातात असायला हवं ते कळतं.

आता त्या पुण्याच्या बाई. ‘तिनेच पैठणी ठेवून घेतली आणि घरातलं जुनेर पाठवलं,’ असं तुम्ही ठामपणे लिहिता. तसं घडलं असण्याची शक्यता चांगलीच आहे. फॉल लावलेली साडी म्हणजे ती कुणाच्या तरी कपाटातून आली, हा तुमचा तर्क बरोबर आहे. पण कुणाच्या कपाटातून? तुम्ही पैठणी बटर पेपरमध्ये गुंडाळून खोक्यात घालून पाठवली होती. परत आली ती खोक्याशिवाय, कुरिअरच्या प्लास्टिक पिशवीत, नव्या लेबलसह. त्या बाईंच्या दारापासून तुमच्या दारापर्यंत ती पिशवी पिकअपच्या मुलाकडे, तिथल्या हबमध्ये (कुरिअरच्या गोदामात), मोठ्या सॉर्टिंग केंद्रात, मग तुमच्या भागातल्या हबमध्ये, इतक्या हातांतून गेली. रिटर्नच्या ढिगात दोन पिशव्यांची लेबलं अदलाबदल होतात. वाटेत माल काढून घेणारेही असतात. त्या बाईंच्या घरात चार साड्या पलंगावर पसरलेल्या असतील आणि घाईत दुसऱ्याच कुणीतरी चुकीची साडी पिशवीत घातली असेल, हेही घडू शकतं. या चार शक्यतांमधली कुठली खरी, हे आज तुम्हालाही सांगता येणार नाही आणि मलाही.

म्हणून तो पत्ता ग्रुपवर टाकू नका, आणि भाच्याला घरी बसवा. समजा पिशवी हबमध्ये बदलली होती आणि तुम्ही हजारो बायकांच्या ग्रुपवर एका निरपराध बाईला चोर म्हणालात, तर ते पुसता येणार नाही. आणि ती खरंच दोषी असली तरीही तिचं नाव-पत्ता तुमच्याकडे आला तो फक्त पार्सल पोचवण्यासाठी. तो चव्हाट्यावर मांडला, तर तुमचं दुकान बंद करायला कंपनीला आयतं कारण मिळेल. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीची तक्रार होऊ शकते, आणि भाच्याने दारात जाऊन आवाज चढवला तर त्याच्यावर वेगळी. ९,८०० रुपयांच्या साडीसाठी कोर्टात तुम्ही आरोपी म्हणून उभ्या राहाव्यात, हे मला मुळीच नको आहे.

त्याऐवजी, तुमच्या पॅनेलवर ग्राहकाला संदेश पाठवायची सोय असेल, तर एकदाच आणि साध्या शब्दांत लिहा: ‘ताई, तुम्ही परत पाठवलेल्या पाकिटात पैठणीऐवजी एक निळी सिंथेटिक साडी निघाली. ती तुमची आहे का, चुकून आली का, जरा पाहाल का? पिकअपच्या मुलाने तुमच्यासमोर साडी तपासली होती का?’ यात आरोप नाही. चूक झाली असेल तर ती मान्य करायला वाट आहे, आणि उत्तर आलं किंवा आलं नाही तरी तुमच्या क्लेमच्या नोंदीत ते राहतं.

इथे एक घरची आठवण सांगते. आमच्या घरी कापडाचं दुकान होतं आणि आई गल्ल्यावर बसायची. लग्नाची दाट तिथी होऊन गेली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी एखादी साडी ‘पसंत पडली नाही’ म्हणून बदलायला यायची. आई काही न बोलता घडी मोडायची आणि पदर डाव्या खांद्यावर जिथे येतो ती जागा बोटांनी चाचपायची. पिन लावली असेल तर रेशमाचा धागा तिथे सरकलेला असतो, भोक बारीक असलं तरी बोटाला लागतं. मग निऱ्यांच्या चुण्या, मग खालच्या काठाची धूळ, आणि शेवटी नाकाजवळ नेऊन वास. गजरा, अत्तर, घाम, काही लपत नाही. पण आईसमोर साडीबरोबर माणूसही असायचं. ती चेहरा बघायची, आवाज ऐकायची, आणि बहुतेक साड्या मुकाट्याने बदलून द्यायची. तुमच्यासमोर फक्त साडी आहे. ओळखीने जे काम व्हायचं ते तुम्हाला नोंदीने करावं लागणार आहे. विश्वास ठेवलात हा मूर्खपणा नव्हता. फक्त ज्या व्यवहारात समोर माणूसच दिसत नाही, तिथेही तुम्ही आमच्या आईसारखं वागत राहिलात.

ती नोंद माल पाठवतानाच सुरू होते. दोन हजारांच्या वरची प्रत्येक साडी पॅक करतानाही असाच अखंड व्हिडिओ काढा. पदराच्या दशांजवळ, नेसल्यावर दिसणार नाही अशा ठिकाणी, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा एक बारीक टाका घाला आणि वहीत ऑर्डर नंबरासमोर त्याची नोंद करा. साडी बदलली असेल तर तो टाका बोलतो. नंबर छापलेला, एकदा तोडला की पुन्हा लागत नाही असा टॅग बाजारात मिळतो. तो पदरावर मधोमध, सहज दिसेल असा लावा, म्हणजे टॅग न तोडता साडी लग्नात मिरवता येणार नाही. खोकं बंद केल्यावर वजन लिहून ठेवा. तुमच्या पॅकिंगच्या चिठ्ठीवर ८४० ग्रॅम आहे, आणि परतीच्या लेबलवर ४३० ग्रॅम छापलेलं आहे. ताई, हा आकडा तुमच्याकडे होता आणि क्लेममध्ये तुम्ही तो लिहिलाच नाही! तो कुरिअरचा स्वतःचा आकडा आहे, तुमच्या सांगण्यावर अवलंबून नाही. खोकं गेलं म्हणून थोडं वजन कमी होईल, पण निम्मं होणार नाही.

तेव्हा क्लेम पुन्हा उघडा. पहिल्यांदा तुम्ही दीड पान लिहिलंत, त्यात विणकराची गोष्ट होती, तुमचा संताप होता. तो खरा आहे, पण तपासणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. या वेळी चार ओळी: ऑर्डर नंबर, जातानाचा आणि येतानाचा एडब्ल्यूबी, दोन्ही वजनं, काय पाठवलं आणि काय आलं. पिकअपच्या वेळी दारात तपासणी झाली का आणि तिचे फोटो असतील तर ते पाहावेत, एवढी एक मागणी. तरीही नकार आला, तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क जाहीर करणं कंपनीला बंधनकारक आहे. ४८ तासांत पोच आणि महिन्यात निकाल ही त्या नियमांतली मुदत ग्राहकांच्या तक्रारींसाठी आहे, विक्रेत्यासाठी तिचा आग्रह धरता येईलच असं नाही, पण लिहिलेलं वाया जात नाही. ग्राहक आयोगाचं मात्र मनात धरू नका. धंद्यासाठी घेतलेल्या सेवेबद्दल तिथे दाद मागणं अवघड आहे.

पोलिसांत जावं का? माझं मत, जावं, पण कसं ते महत्त्वाचं. जवळच्या ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि शिक्का मारलेली प्रत घ्या. फसवणुकीसाठी पूर्वी कलम ४२० म्हणायचे, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. अर्जात ‘अज्ञात व्यक्तीविरुद्ध’ लिहा, आणि घटना जशी झाली तशी तारखांसह मांडा. त्या बाईंचा उल्लेख फक्त ‘ज्या पत्त्यावरून पार्सल परत निघालं’ एवढाच. एका साडीसाठी तपास जोरात होईल असं मी सांगणार नाही. पण ती शिक्क्याची प्रत क्लेमला जोडता येते, आणि उद्या त्याच मार्गावरच्या दुसऱ्या कुणा विक्रेत्याची अशीच तक्रार आली तर दोन अर्ज एकमेकांना जोडले जातात.

‘आता दर दुसरं पार्सल असंच परत येतं,’ हे तुमचं वाक्य मी तीनदा वाचलं, कारण तुम्हीच जोडलेली तीन महिन्यांची यादी काही वेगळंच सांगते. १९० पार्सलं गेली. १४ ग्राहकाने घेतलीच नाहीत, दारातूनच परत फिरली. बहुतेक सीओडीची, म्हणजे पैसे दारात द्यायची आहेत. त्यात जाण्या-येण्याचा त्रास आहे, पण माल शाबूत आहे. खाटेखालची चार बंद पाकिटं सोडून, ग्राहकाने घेऊन मग परत पाठवलेली ११. त्यातल्या आठ साड्या तुम्ही जशाच्या तशा पुन्हा विकल्यात. एक वाटेत भिजली, एक नेसून परत आली, आणि एक ही पैठणी. म्हणजे १९० मध्ये लबाडीचा संशय घ्यावा अशा दोन. दोन कमी आहेत असं मी म्हणत नाही, त्यातली एक तर महिन्याची कमाई घेऊन गेली. पण या दोघींचा राग उरलेल्या १८८ जणांवर निघायला लागला, तर पुढच्या खऱ्या तक्रारीलाही तुम्ही चोरी समजाल.

खऱ्या तक्रारी आहेतही. त्या आठ साड्यांपैकी पाच ‘रंग वेगळा’ म्हणूनच परत आल्यात. पैठणी धूपछाव असते. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा, त्यामुळे ट्यूबलाइटखाली जी साडी अंजिरी दिसते ती अंगणात उन्हात वेगळीच दिसते. तुमचे सगळे फोटो रात्री, ट्यूबखाली काढलेले आहेत. सकाळी खिडकीजवळ काढा, आणि साडी हातात धरून वळवताना रंग कसा पालटतो याचा छोटा व्हिडिओ जोडा. दाखवल्यासारखी साडी नसेल तर ती परत घेणं त्याच २०२० च्या नियमांनी विक्रेत्यावर बंधनकारक आहे, तेव्हा ‘रिटर्न बंदच करते’ हा मार्ग तसाही खुला नाही. फोटो सुधारले तर रिटर्नच कमी येतील.

रिटर्न आणून देणाऱ्या मुलाबद्दल तुम्ही लिहिलंय की तो पाच-सहा पाकिटं एकदम ओट्यावर टाकतो आणि ‘ताई, ओटीपी सांगा पटकन’ म्हणून घाई करतो. त्याचीही दिवसभराची धावपळ आहे, त्याच्यावर चिडू नका. पण ओटीपीच्या आधी प्रत्येक पाकीट हातात घेऊन बघा. फाटलेलं, पुन्हा चिकटवलेलं किंवा फार हलकं लागलं तर त्याच्यासमोरच फोटो काढा आणि ‘पाकीट उघडलेलं मिळालं’ अशी नोंद करायला लावा. ते मान्य नसेल तर ते पाकीट घेऊ नका.

पैशाचं. किराणा दुकानदार गुळाची, धान्याची घट आधीच धरून चालतो. तुम्हीही धरा. वर्षाला तुमची साधारण ७८० पार्सलं जातात. अशा नुकसानीपोटी वर्षाला १५,००० रुपये धरले तरी पार्सलमागे जेमतेम २० रुपये पडतात. ते किमतीत घाला आणि वेगळ्या खात्यात टाकत जा. हातमागाची महाग पैठणी मात्र या बाजारावर ठेवू नये असं मला वाटतं. तिथे सेमी पैठणी, तीन हजारांच्या आतला माल ठेवा. महाग साडी व्हिडिओ कॉलवर दाखवून, पैसे आधी घेऊन विका. अशी गिऱ्हाइकं हळू मिळतात, महिन्याला दोनच मिळतील, पण त्यांच्याशी तुमचं बोलणं होईल. हरवलेल्या मालाच्या खरेदीवर भरलेल्या जीएसटीची घेतलेली वजावट (क्रेडिट) परत करावी लागते, ते तुमच्या सीएंना या महिन्यातच सांगा.

विणकराला थोडे कमी देऊन चालेल का, असंही तुम्ही विचारलंय. नाही, ताई. त्यांनी त्यांचं काम पूर्ण केलंय. एकदम जमत नसेल तर दोन हप्त्यांत द्या, तसं त्यांना आधी सांगा, पण पूर्ण द्या.

यजमान धंदा बंद करायला सांगतात, ते तुमची झोप उडालेली बघून. त्यांना १९० आणि दोनचा हिशेब दाखवा, आणि महिन्यातून एक रविवार पाकिटांचं वजन करायला त्यांनाच बसवा. मग दिवाळीपर्यंत चालवा. तोवर पार्सलमागचे ते वीस रुपये पुरले नाहीत, तर बंद करण्याचा विचार आकडे समोर ठेवून करा. आज, या रागात नको.

आणि ती जुनी साडी. तुम्ही लिहिलंय की ती मागच्या अंगणात फेकून दिली आहे. ती उचलून आणा. धुऊ नका, कुणाला देऊ नका. ज्या पिशवीतून आली तीत, लेबलसह ठेवा आणि वर तारीख लिहा. क्लेम आणि अर्ज दोन्हींसाठी ती लागेल. आणि पिशव्यांची अदलाबदल झाली असेल, तर ती शोधत कुणी तुमच्यापर्यंत येईलही. मग तुमची पैठणी कुठे आहे ते तिथूनच कळेल.